अठ्ठावीस गोण्या आणि आईची शीग

अंबडला माझं शिवणकामाचं दुकान आहे. ब्लाउजपीस हातात घेतला की त्यातून बाही निघेल की नाही, हे मी सांगते आणि टेप लावून खरं करून दाखवते. कुणी "अंदाजानं कापा हो" म्हणालं की माझं डोकं फिरतं. त्यामुळे केदारखेड्याला आईच्या घरावर स्लॅब टाकायचं ठरलं आणि आमचे मिस्त्रीचाचा म्हणाले, "अंदाजानं पस्तीस गोण्या सिमेंट मागवू, बेटा," तेव्हा मी उसळलेच. "चाचा, अंदाज न्हाई. हिशोब सांगा."

चाचा हसले आणि खरंच सांगायला बसले. वीस फूट बाय पंधरा फूट खोली, पाच इंच जाडी. पण पाणी पडलं की माल बसतो, खडीच्या फटींत वाळू शिरते, वाळूच्या फटींत सिमेंट. म्हणून कोरडा माल दीडपटीहून थोडा जास्त धरायचा. मग एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी. मला एवढंच हवं होतं. सुती कापड धुतल्यावर आटतं म्हणून आधीच जास्त घ्यायचं, हे तर आमचं रोजचंच.

दुकानातल्या कटिंगच्या टेबलावरच मी खडूनं मांडलं. ओला माल एकशे पंचवीस घनफूट. त्याला एक पूर्णांक चोपन्न शतांशांनी गुणलं, आले एकशे साडेब्याण्णव. भाग साडेपाच, म्हणजे एकेक भाग पस्तीस घनफुटांचा. एका गोणीत सिमेंट सव्वा घनफूट, म्हणून गोण्या अठ्ठावीस. वाळू साडेबावन्न घनफूट, खडी एकशे पाच. कुठं एक चिंधी उरली नाही! मी टाळ्याच पिटल्या. फॉल लावून घ्यायला आलेली बाई दचकून बघायला लागली, तर तिलाही मी सगळं समजावून सांगितलं. बिचारी साडी टाकून निघून गेली.

आनंद नुसत्या आकड्यांचा नव्हता. आईनं उभा जन्म पत्र्याखाली काढला. खिळ्यांच्या भोकांतून पाणी गळायचं, आणि कुठल्या भोकाखाली कुठलं भांडं ठेवायचं हे तिला अंधारातही कळायचं. स्लॅबचं ऐकून ती एवढंच म्हणाली होती, "माझ्या डोक्यावर थेंब पडला न्हाई पाहिजे, बस्स." त्यासाठी मालात सिमेंट पुरेपूर हवं आणि सगळा स्लॅब एका दमात व्हायला हवा. चाचांच्या समाधानासाठी दोन गोण्या जास्तीच्या घेतल्या, पण त्यांना हात लागणार नाही असं मी त्यांना बजावून ठेवलं होतं.

स्लॅबच्या दिवशी सकाळी मिक्सर धडधडायला लागला आणि माझ्या अंगात वारंच शिरलं. माप घमेल्याचं होतं. आमच्या घमेल्यानं एका गोणीला साडेचार घमेली वाळू आणि नऊ घमेली खडी. घरधनीण म्हणून आई हिरवी साडी नेसून खडीच्या ढिगापाशी बसली होती. काम झपाट्यानं चाललं होतं. थोड्या वेळानं कुणीतरी आनंदानं ओरडलं, "सिमेंट उरून राह्यलं की!"

सगळे खूश झाले, पण मी ढीग आणि गोण्या ताडून बघायला लागले. खडीचा ढीग भराभर खाली चाललेला आणि गोण्या मात्र थप्पीला तशाच. माझ्या हिशोबात दोन्ही बरोबरीनं संपायला हवं होतं. सिमेंट उरतंय म्हणजे ते वाचलेलं नाही, ते स्लॅबमध्ये गेलेलंच नाही! मी खडीकडे पळाले. बघते तर काय, प्रत्येक भरल्या घमेल्यावर आई दोन ओंजळी आणखी टाकत होती आणि वरून हातानं थापटत होती. तिचं बघून वाळूवरच्या बायाही तेच करत होत्या.

"आई, काय करून राह्यलीस?"

"शीग लावून राह्यले. घराच्या कामाला सपाट माप द्यायचं का?"

ज्वारी असो, तूर असो, आईनं जन्मात कुणाला सपाट पायली मोजून दिली नव्हती. मापाच्या काठावर शीग चढल्याशिवाय तिचा हात थांबतच नसे. मला रागही आला आणि हसूही फुटलं. "चाचा, मिक्सर थांबवा!"

चाचांनी वर जाऊन ओला माल बोटांत चोळला. "बराबर बोलली. माल रुखा हाय, सिमेंट कम पडलं. पर ओला हाय तोवर आपला हाय. जल्दी उतरवा!" मग काय ती धांदल! टाकलेला कोपरा फावड्यांनी खरवडून खाली आला, हिशोबाचं सिमेंट मिळून मिक्सरमध्ये पुन्हा फिरला आणि पुन्हा वर गेला. मी पदर खोचून शिडीवर उभी. भीती वाटत होती आणि तरी इतकी मजा मला कधी आली नव्हती.

आई मात्र तोंड फिरवून बसली होती. "मी घर बिघडवून ठेवलं का गं?"

माझ्या पिशवीतली लाकडी पट्टी मी तिच्या हातात दिली. "घमेल्यावरून ही फिरव. तुझ्या हाताखालून गेल्याबिगर एक घमेलं वर जाणार न्हाई." थोड्याच वेळात ती माझ्यापेक्षा कडक झाली. "ए, सपाट! सपाट कर!" म्हणून बायांवर खेकसायला लागली. अठ्ठाविसावी गोणी फुटली आणि शेवटचा कोपरा भरला. खडी संपली होती, दोन जास्तीच्या गोण्या तशाच उभ्या होत्या. मी इतकी ओरडले की रस्त्यावरची माणसं थांबली.

स्लॅबखालच्या सेंट्रिंगच्या फळ्या निघाल्यावर, गळतं का ते बघायला आम्ही वर पाणी साठवलं. खाली गेले तर खोलीच्या मधोमध आईनं सवयीनं पातेलं मांडलेलं. दुसऱ्या दिवशी चाचा बघायला आले. आईनं पातेल्यात हात फिरवला, तळहात बघितला, पुन्हा फिरवला. कोरडा ठणठणीत. ती उठली. तेच पातेलं घेऊन आत गेली आणि चाचांसाठी ज्वारी भरून आणली. वर दोन ओंजळी शीग होती, दाणे काठावरून घरंगळत होते.

मी गमतीनं पट्टी पुढं केली. आईनं माझा हात बाजूला सारला. "ती स्लॅबला," ती म्हणाली.