सशाची डावी शीर

परळच्या एका कॉलेजात मी जनावरांच्या डॉक्टरकीला आलेल्या मुलांना शरीरशास्त्र शिकवते. सशाचं हृदय आलं की माझं वाक्य ठरलेलं: वरच्या अंगातलं रक्त हृदयात आणणाऱ्या मोठ्या शिरा सशाला दोन, आपल्याला एक. डावी शीर गर्भात आपल्यालाही असते, पण जन्माआधीच मिटते. सशाची मिटत नाही. ती हृदयामागून वळसा घालते, हृदयाच्या स्वतःच्या शिरांना वाटेत सामावून घेते आणि उजव्या कप्प्यात उघडते. निळं रबर भरलेली ती शीर मी चिमट्याने उचलून दाखवते.

त्या दुपारी मात्र मी जवळच्याच हॉस्पिटलात होते. आत आईला पेसमेकर बसवत होते. तासाभराचं काम म्हणाले होते, तो तास कधीच उलटून गेला. मी चहा घेतला आणि तसाच टाकला. जिन्यापर्यंत गेले, परत आले. वडील बाकावर आईच्या चपला मांडीवर घेऊन बसलेले.

"बस गो जरा," ते म्हणाले. कशी बसणार? पायाला भिंगरीच लागली होती.

शेवटी डॉक्टर बाहेर आले. "डावीकडून वायर घातली, तर ती मध्ये वळायच्याऐवजी डाव्या बाजूनेच सरळ खाली उतरली."

"म्हणजे डावी शीर मिटलेलीच नाही," माझ्या तोंडून गेलं.

"अरे वा, तुम्ही ॲनाटॉमीतल्या? बरं झालं." त्यांनी तिथेच कागदावर आकृती काढली. याच वाटेने गेलं तर पुढचं वळण अवघड, वायर नीट टेकेलच असं नाही. नाहीतर इथे टाके घालून उजवीकडे नव्याने कापायचं. या वयात दोन जखमा. "काय करू या?"

ते मला समजावत नव्हते, माझा सल्ला घेत होते. मला तर कोणीतरी नुसतं घाबरू नका म्हणायला हवं होतं.

मी वडिलांकडे बघितलं. "माका काय कळता त्यातला?" ते म्हणाले. "तू सांग."

ती वाट मला पाठ होती. शिरेची भिंत किती पातळ असते ते बोटांना माहीत होतं. पण आजवर हाताळलेलं एकही हृदय चालू नव्हतं. हे चालू होतं आणि माझ्या आईचं होतं.

"उजवी आहे ना पण?" मी विचारलं. डावी राहिली की काहींना उजवी नसतेच.

"शिरेत डाय, म्हणजे एक्स-रेवर दिसणारं औषध, सोडून बघितलं. आहे."

"मग उजवीकडून."

ते आत गेले आणि मला वाटायला लागलं, चुकलं आपलं. दार उघडेपर्यंत तेच वाटत राहिलं.

संध्याकाळी आईला वॉर्डात आणलं. सगळं नीट बसलंय, असं डॉक्टर सांगून गेले, तरी माझी नजर मॉनिटरवरून हलेना. दोन्ही खांद्यांखाली पट्ट्या बघून आईने विचारलं, "दोनी बाजून कित्याक कापल्यानी?"

"आई, तुझ्या हृदयाला एक शीर जास्त आहे."

"जास्त आसा?" ती म्हणाली. "मगे चाळीचो जिनो चढताना इतकी वर्सां माझो जीव कित्याक जाय होतो?"