दांड घातलेलं लुगडं

आमच्याकडं बाळाला नवं कापड लावत नाहीत. सव्वा महिना जुनेरच. चार घरी पदर पसरायचा, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती लुगडी-धोतरं मागून आणायची अन् त्याची बाळोती करायची. मागून आणलेल्या कापडानं लेकरू टिकतं म्हणतात. टिकतं की नाही देव जाणे, पण अंगाला टोचत नाही हे खरं.

यंदा लेक पहिल्या बाळंतपणाला घरी आली. आदिलाबादच्या दवाखान्यात नात झाली, तीही दिवस भरायच्या आधी. एवढुशी! कातडी म्हणजे कांद्याचा पापुद्रा. मी मोठ्या तोऱ्यात दुकानातून अस्वलाचं चित्र असलेला गुलाबी सेट आणला होता. मागून आणायला आपण काय भिकारी आहोत, असा माझा हेका. घरी आणल्यावर पोरीच्या मानेला, काखेत लाल चट्टे उठले. मांडी सोलवटली. पुन्हा दवाखान्यात धावलो. सिस्टरनं तो सेट बोटांत चुरगाळून पाहिला अन् मला सगळ्यांसमोर झापलं, "पात चीर लेदा इंट्लो?" घरात जुनी साडी नाही का? आजच्या आज सुती जुनेर लावा, चट्टे चिघळले तर लेकराला इथं ठेवावं लागेल, म्हणाली.

त्यात काय मोठं, म्हणत मी घरी येऊन पेटी उघडली. सगळं सळसळीत! नायलॉन, जॉर्जेट, पॉलिस्टर. सुती पातळं होती तेवढी मागच्या दिवाळीत भांडेवालीला देऊन मी झाकणाचा प्लास्टिकचा डबा घेतला होता. माजघरात मात्र आढ्याला लागेल एवढा कापूस रचलेला. धरण उशाला, कोरड घशाला, दुसरं काय!

परतायलाच रात्र झालेली, म्हणून सकाळी उठून गल्ली धरली. भीमपूर मंडलातलं आमचं गाव, दारोदारी कापूस, अन् एकाही घरात वीतभर सुती कापड निघेना. एकीनं नवऱ्याचा सदरा दिला, तो टेरिकॉटचा. दुसरी हसत म्हणाली, "बोंडं ने वो पायजे तर, घमेलंभर!" मला हसू आलं नाही. तिसरी म्हणाली, "अवो, काऊन गावभर फिरून राह्यली? तुह्या भितीले लागून तं हाये जाऊबाई."

ते मला काय ठाऊक नव्हतं? त्या दारावरूनच तर मी मान फिरवून पुढं गेले होते.

ती माझी थोरली चुलत जाऊ. एकटी राहते. अजून सुतीच नेसते. लुगडं मधे विरलं की फाडायचं, धडके काठ जोडून दांड घालायचा, आणखी वर्षभर नेसायचं. मग त्याची बाळोती, मग वाकळ, मग पोतेरं. मी चार बायांत तिची टर उडवायची, "बाईचं लुगडं मेलं तरी त्याले मुक्ती नाई!" बाया फिदीफिदी हसायच्या. पण मान फिरवायचं कारण ते नव्हतं. तिला मूलबाळ नाही. बाळंतिणीच्या खोलीत तिला बोलवत नाहीत. नात झाली तेव्हा मी गल्लीत घरोघर जिलेबी वाटली अन् तिचं दार तेवढं सोडलं. सांगतानाही तोंड कडू होतं.

गेले शेवटी, नाक मुठीत धरून. ती अंगणात दांडच घालत बसली होती. "बाई, जुनेर पायजे होतं," एवढंच कसंबसं म्हटलं. ती काही न विचारता आत गेली अन् गाठोडं घेऊन आली. पांढरी, दुधाच्या सायीसारखी मऊ बाळोती.

"उकळून धुतली हायेत. असलीच तुह्या लेकीलेबी लागली होती, तुह्या सासूनं नेली होती तवा. गावातल्या बऱ्याच लेकरायले लागली. झालं की धुऊन आणून दे, अजून कोनाले लागतीन."

मला ठाऊकच नव्हतं. म्हणजे हिचं कापड गावातल्या लेकरांच्या अंगाला चालत आलं होतं, अन् हिचा हात नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाठोडं उचलून पळायला लागले तशी मागून हाक आली.

"पोरगं हाये का पोरगी?"

भिंतीला भिंत लागलेली, अन् हिला हेसुद्धा कुणी सांगितलं नव्हतं.

"पोरगी," मी म्हटलं. वर बघवेना.

"रोज रडनं आयकू ये. काल दिवसभर आवाज नाई आला, मायबाई, जीव नुसता टांगनीले लागला. म्हून इचारलं."

काल दिवसभर आम्ही दवाखान्यात होतो. सोयऱ्याधायऱ्यांपैकी कुणी फोनसुद्धा केला नव्हता.

"चला बाई," मी म्हटलं, "तुमीच गुंडाळा तिले."

ती उठली. हात धुतले, पदराला पुसले, दारापर्यंत आली अन् थांबली. हळूच म्हणाली, "तुह्या लेकीले चालंन ना वो?"

लेकीनं कधी काही म्हटलंच नव्हतं. मलाच चालत नव्हतं.