पंधरा नंबरची ट्यूब

गोंदियाच्या डॉक्टरनं बायकोच्या गालावरचा लाल चट्टा पाहिला, बोटांचे सांधे दाबून पाहिले, रक्ताचे कागद चाळले आणि आजाराचं नाव सांगितलं. नाव इंग्रजी होतं, त्या दिवशी मला ते धड उच्चारताही आलं नाही. एवढंच कळलं की शरीराची राखण करणारं जे काही असतं, तेच उलटून शरीराला खायला लागतं, आणि ऊन लागलं की त्याला आणखी जोर चढतो. "धूप से बचाना है," डॉक्टर म्हणाला. "आज चेहरे पर है, कल किडनी तक जा सकता है. रोज सनस्क्रीन लगाओ. बादल हों तब भी." त्यानं गोळ्या लिहिल्या, खाली एका क्रीमचं नाव आणि त्याच्यापुढे पन्नासचा आकडा.

किडनी म्हटल्यावर मी घाबरलो. बायको मात्र शांत होती. बाहेर आल्यावर तिनं एकच विचारलं, "मंग मी शाळेत जाऊ का नाही?" आमच्या वॉर्डातल्या शाळेत ती दुपारचं जेवण रांधते. चालत जाते, चालत येते, आणि भांडी उघड्या अंगणात घासते. मी म्हटलं, "तू जा. क्रीमचं मी पाहतो." हे मी फार रुबाबात म्हटलं, कारण क्रीम आणणं म्हणजे काय मोठी गोष्ट आहे असं मला वाटत होतं.

आमच्या बालाघाटात त्या नावाचं क्रीम कोणाकडेच नव्हतं. पहिल्या मेडिकलवाल्यानं कागद उलटासुलटा करून पाहिला आणि गोरं करणारी एक ट्यूब माझ्यापुढे टाकली. म्हणे, यातही उन्हाचं येतंच. मी म्हटलं, बाबा रे, मला गोरी बायको नको, आहे तीच चांगली पाहिजे. दुसऱ्या दुकानात तर डोकं भंजाळायची वेळ आली. जेल आहे, क्रीम आहे, लोशन आहे, पावडर आहे. तेलकट चेहऱ्याचं वेगळं, कोरड्याचं वेगळं. एकात रंग घातलेला, एकात नाही. डब्यावर एसपीएफ, मग पीए, पीएच्या पुढे अधिकची चिन्हं, कुठं दोन, कुठं तीन, कुठं चार. माझा धंदा मोटारी बांधायचा. जळालेली पाण्याची मोटार आली की जुनी तार काढायची, नवी भरायची, व्हार्निश मारायचं, सुकवायचं. प्लस दिसला की माझे डोळे मायनस शोधायला लागतात. इथे मायनस कुठंच नव्हता. मी ट्यूब परत ठेवली आणि घरी आलो.

आणि मग मोटारींच्या माझ्या दुकानात ही गोष्ट माझ्या तोंडातून निघाली. झालं! भरवेलीहून मोटार घेऊन आलेला खाणीतला एक माणूस म्हणाला, मुलतानी माती लावा, बाकी सारा फंदा आहे. लालबर्ऱ्याचा एक शेतकरी म्हणाला, क्रीमनंच कातडं खराब होते, माझ्या साळीचं झालं. तिसरा म्हणाला, दही आणि हळद. पोरगी नागपूरला शिकते, तिला फोन केला तर ती विचारते, "बाबा, केमिकलवालं पायजे का मिनरलवालं?" मी फोनवरच उसळलो. अगं, मला माहीत असतं तर तुला कशाला विचारलं असतं! ती म्हणाली, "जाऊ द्या, मी मग सांगते," आणि तिनं फोन ठेवला. घरात सगळे असंच करतात. मी तापलो की 'मग सांगतो' म्हणतात, आणि ते 'मग' कधी येत नाही.

दोन दिवसांनी मी पुन्हा त्या दुसऱ्या दुकानात गेलो. या वेळी ठरवून गेलो होतो की आता कोणाला विचारायचं नाही, आपली अक्कल चालवायची. काउंटरवर तीन ट्यूबा मांडून घेतल्या. एकीवर पंधरा, एकीवर तीस, एकीवर पन्नास. आणि एकदम माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे, हा तर गेज!

मोटारीच्या तारेचा हिशोब उलटा असतो. नंबर वाढला की तार बारीक होते. अठरा नंबरची तार दमदार, चाळीस नंबरची केसासारखी, जरा लोड आला की जळते. माझे हात तीस वर्षं हाच हिशोब करत आलेत. पन्नास म्हणजे हलकं, पंधरा म्हणजे जाड, मजबूत. डॉक्टरनं पन्नास लिहिलं होतं हे मला दिसत होतं की. पण पहिल्यांदाच लावायचं आहे, कातडीला सवय नाही, म्हणून त्यानं सुरुवातीला हलकं लिहिलं असेल असं मी धरलं. माझ्या दुकानातून आजवर हलकी तार भरलेली मोटार बाहेर गेली नाही. मग बायकोलाच हलकं कसं देणार?

"भैया, पचास ले लो, सब पचास ही लेते हैं," दुकानदार म्हणाला. मी मनात म्हटलं, बरोबर, तुझं तर महाग तेच खपायला पाहिजे. "पंधरा दे," मी म्हटलं, "अन् शिकवू नको." त्यानं खांदे उडवले आणि पंधराची ट्यूब पुढे सरकवली.

घरी जाऊन मी बायकोला समोर बसवलं आणि ट्यूब कशी लावायची ते सांगितलं. दोन बोटांवर लांबीभर काढायचं, चेहऱ्याला आणि गळ्याला लावायचं, अर्ध्या दिवसानं पुन्हा. हे मात्र डॉक्टरनं सांगितलेलं मला नीट ध्यानात होतं. तिच्या सावळ्या गालावर ते पांढरं दिसलं, तशी ती आरशात पाहून हसली. "पिठात तोंड घातल्यावानी दिसून राह्यलं," म्हणाली. मी म्हटलं, "दिसू दे. मजबूत माल आहे." नंतर रोज सकाळी दुकान उघडायला निघण्याआधी मी विचारायचो, "लावलं का?" ती म्हणायची, "हौ." ट्यूब संपत आली की मीच नवी आणायचो. तोच दुकानदार, तीच पंधरा नंबरची, आता तो मला काही विचारायचाही नाही. खरं सांगतो, मला स्वतःचा अभिमान वाटायचा.

दसऱ्याच्या सुमाराला ऊन तापलं आणि तिचा चेहरा पेटला. नाकावरून दोन्ही गालांवर लाल, सुजलेलं, हात लावू देईना. बोटं आखडली. संध्याकाळी ताप. मी गोंधळून गेलो. गोळ्या वेळेवर, क्रीम वेळेवर, मग हे काहून झालं? मी तिच्यावरच चिडलो. "अर्ध्या दिवसानं लावत नसशील तू! भांडी घासताना पुसत असशील!" ती म्हणाली, "लावते न." मी म्हटलं, "मग का क्रीम खोटं आहे?" तिनं ट्यूब उचलून पिशवीत ठेवली.

गोंदियाला डॉक्टरनं लघवी तपासली. त्यात थोडं प्रोटीन निघालं. म्हणजे किडनीकडे नजर ठेवावी लागेल, त्यानं सांगितलं, आणि गोळीचा डोस वाढवला. मग विचारलं, "सनस्क्रीन कौन सा लगा रहे हो?" मी मोठ्या ऐटीत पिशवीतून ट्यूब काढून टेबलावर ठेवली. त्यानं उचलून पाहिली. "पंद्रह? मैंने तो पचास लिखा था. ये तो बहुत कम है." मी म्हटलं, "कम? नंबर कम है तो ताकत ज़्यादा होगी ना?" डॉक्टर माझ्याकडे पाहतच राहिला. मग त्यानं शांतपणे समजावलं की इथे आकडा जितका मोठा तितकं ऊन जास्त अडतं. मी विचारलं, हे सगळं माझ्यामुळे झालं का? तो म्हणाला, सांगता येत नाही, हा आजार स्वतःहूनही उसळतो. हो म्हणाला असता तर बरं झालं असतं. नाही म्हणाला असता तरी चाललं असतं. आता मी नेमकं काय समजायचं हे मला अजून कळलेलं नाही.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली, मी तिच्या शेजारी. अर्धा रस्ता सरला. मग एका दमात सगळं सांगून टाकलं. तारेचा गेज, दुकानदाराला दिलेला दम, माझं शहाणपण, सगळं. म्हटलं, "चूक माझी आहे. तुले कायचा आजार अन् मी कायची अक्कल पाजळली."

ती बाहेर पाहत म्हणाली, "मले मालूम होतं."

"काय मालूम होतं?"

"पंधरा कमी असते म्हनून. शाळेतल्या मॅडमनं ट्यूब पाह्यली होती. पोळ्याच्या आधीच सांगतलं होतं तिनं, का पन्नास आना."

पोळ्याच्या आधी! म्हणजे दीड-दोन महिने ती रोज सकाळी ते कमी ताकदीचं क्रीम तोंडाला लावत होती, वरून पदर कपाळापर्यंत ओढत होती, भिंतीच्या सावलीनं शाळेत जात होती, आणि मी विचारलं की "हौ" म्हणत होती.

"मग बोलली काहून नाही?"

"कशी बोलू?" ती म्हणाली. "इतक्या वर्षांत तुमी पयल्यांदा माह्यासाठी दुकानात उभं राहून काही निवडून आनलं. रोज सकाळी इचारत होते, लावलं का म्हनून. चुकलं म्हनली असती तं तुमी चिडले असते. ट्यूब फेकली असती. मंग पुन्हा कधी इचारलं नसतं."

हे ऐकून मला रडू येत होतं की राग, खरंच सांगता येत नाही. आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं. "मी कधी चिडतो गं!" मी ओरडलो. "सांग न, कधी चिडतो मी!" डब्यातली माणसं वळून पाहायला लागली. समोरच्या बाईनं पाय आत घेतले. गाडीनं वळण घेतलं तसं ऊन बायकोच्या गालावर आलं, आणि मी बोटही हलवण्याआधी तिनं खिडकीचं शटर स्वतःच खाली ओढलं.