ब्रेक बसले

वाईहून कवठे महांकाळला मी मोटारीने गेलो असं म्हणता येईल. फक्त ती मोटार टेम्पोच्या पाठीवर दोरखंडांनी आवळलेली होती आणि मी पुढे टेम्पोच्या ड्रायव्हरशेजारी अंग चोरून बसलो होतो. कृष्णेच्या पुलावर एका ओळखीच्याने स्कूटर थांबवून विचारलं, "काय, विकली का?" मी ऐकू न आल्यासारखं केलं. प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता, म्हणून जास्त झोंबला.

गाडी म्हणजे आमची जुनी पांढरी ॲम्बॅसिडर. आमची मुलगी महाबळेश्वरात दिलेली आहे. तिच्याकडून परतताना गेल्या पावसाळ्याच्या शेवटी पसरणीच्या घाटात ब्रेकचं पेडल एकदम तळाला गेलं. मी गाडी खालच्या गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक ओढला आणि डोंगराच्या अंगाला घासत घासत कशीबशी थांबवली. कुणाला खरचटलंही नाही. माझी बायको नलिनी मात्र उतरली, पाठीमागून येणाऱ्या एसटीला तिने हात केला आणि घरी गेली. पुढे शेजारीपाजारी ती एवढंच सांगायची, "घाटात आमचे ब्रेक बसले." भांडली नाही, गाडी विका म्हणाली नाही, पण पुन्हा गाडीत पाऊल टाकलं नाही. माझं मनाशी ठरलं होतं, जुन्या गाड्यांसाठी नावाजलेले कवठे महांकाळचे मेकॅनिक अण्णा, हा शेवटचा उपाय. एवढं करूनही ती बसली नाही तर गाडी देऊन टाकायची. शेजारची जागा रिकामी ठेवून फिरण्याचा मला कंटाळा आला होता.

विट्याच्या पुढे ऊस मागे पडला आणि तासगावच्या द्राक्षबागा लागल्या. कवठे महांकाळच्या अलीकडे रस्त्याकडेला बेदाण्याची शेड दिसू लागली. जाळ्यांच्या थरांवर हिरवट द्राक्षं वाळत होती आणि हवेला गोडसर, थोडा आंबूस वास होता. त्यापलीकडे मोकळं माळरान. वाईच्या माणसाला एवढं आभाळ एकदम बघायची सवय नसते.

अण्णांचं गॅरेज गावाबाहेर, एका लिंबाखाली. अण्णा फौजेत गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये होते. बोलायला भारी हौशी. टेम्पोतून गाडी उतरायच्या आत त्यांनी तिच्याखाली डोकं घातलं आणि तिथूनच निकाल दिला.

"सायेब, मागचा आस गळतोय. त्याचं तेल ब्रेकवर आलंय, आतली रबरं खाल्ली त्यानं. म्हातारीला दोष दिऊ नका, वय झालंय तिचं."

उपाय त्यांच्याकडे तयार होता. याच जातीची, पण बरीच अलीकडची एक गाडी त्यांनी भंगारातून उचलली होती. तिचं हौसिंग (मागच्या दोन चाकांना जोडणारा जाड आडवा आस) आमच्या गाडीला बसवायचं, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक लावायचे आणि पाय कमी लागावा म्हणून ब्रेकला जोर देणारा बूस्टरही त्याच गाडीचा घ्यायचा.

काम चाललं ते दिवस मी अण्णांच्याच घरी राहिलो. लॉजचं नाव काढलं तर त्यांच्या पत्नी, अक्का, माझ्यावर रागावल्या. सकाळी माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ, गरम कढी) आणि बाजरीची भाकरी. पहिल्या घोटाला मी तोंड वाकडं केलं, नंतर वाटी मीच पुढे करायला लागलो.

काम सरळ झालं असं नाही. हौसिंग चढलं, चाकं लागली, आणि मग लक्षात आलं की हँडब्रेकची तार वीतभर आखूड आहे. अण्णा बराच वेळ तारेकडे असे बघत राहिले, जणू तीच रात्रीतून आक्रसली.

"फौजेत असतो तर कोर्ट मार्शल झालं असतं माजं," ते म्हणाले. "चला मिरजंला."

त्यांच्या मोटारसायकलवर मिरज गाठली. तीन दुकानं पालथी घातल्यावर तार मिळाली. येताना अण्णांनी भडंग घेतलं आणि गाडी चालवता चालवताच पुडी मागे धरून मला आग्रह केला. मला दोन्ही हात गाडी धरायला हवे होते.

मग चाचणीचा दिवस आला. दंडोबाच्या डोंगरावर चढायचं आणि उतरायचं, असं ठरलं. निघण्याआधी अण्णांनी बजावलं, "नवं पॅड हायत. डिस्कवर घासून घासून बसाय पायजेत. जोरात न्हाई, हळू हळू दाबायचं. एकदा बसलं का मग चिंता न्हाई."

उताराला लागलो तेव्हा मी हँडब्रेकची मूठ एकदा चाचपून पाहिली. पहिल्या वळणाला दाबलं, गाडी शहाण्यासारखी सावकाश झाली. दुसऱ्या वळणाला तसंच. मला फार आनंद झाला, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात खिशात फोन वाजला. नलिनीचा. मी चालवत होतो, म्हणून अण्णांनी घेतला आणि मोठ्या उत्साहात सांगितलं, "वैनी, उतारावर हाय आमी. ब्रेक बसलं बगा!" आणि फोन कटला. डोंगरावर रेंज ती किती असणार.

खाली आल्यावर फोन लावला तर पलीकडे एसटीची घंटी ऐकू आली.

"मी निघाले आहे," नलिनी म्हणाली. "गाडीला हात लावू नका."

"अगं, ब्रेक चांगले बसलेत."

"बसण्यात चांगलं-वाईट असतं का? माझी समजूत काढू नका. तुम्हाला लागलंय का, तेवढं खरं सांगा."

मी परोपरीने सांगितलं. तिचा विश्वास बसेना. साताऱ्याला गाडी बदलून, मिरजेला बदलून ती संध्याकाळी स्टँडवर उतरली. आधी तिने मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, माझे हात उलटसुलट करून बघितले, आणि मग बाकावर बसून रडली. मी शेजारी बसून राहिलो. इतके महिने ती गाडीवर रुसली आहे, असं मी समजत होतो. ती माझ्यासाठी घाबरत होती.

अण्णा ओशाळून उभे होते. "आवं वैनी, आमच्यात ब्रेक बसलं म्हंजी नीट जुळून आलं."

"आमच्याकडे बसलं म्हणजे गेलं," नलिनी डोळे पुसत म्हणाली. मग तिला हसू आलं. अण्णा मात्र हसले नाहीत.

सकाळी अक्कांनी तिची ओटी भरली, बेदाण्याची पिशवी दिली. मी एसटीची वेळ विचारायला निघालो, तर नलिनी गाडीचं दार उघडून उभी. ती आत बसली. साताऱ्यापर्यंत तिचा एक हात डॅशबोर्डवर होता आणि मी ब्रेक दाबला की तिचाही उजवा पाय दाबला जायचा. वाईत घराकडे वळायला लागलो, तेव्हा म्हणाली, "सरळ घ्या. बेदाणे लेकीला देऊ."

चढताना घाट कुणालाच भिववत नाही. दुसऱ्या दिवशी उतरताना मात्र नलिनीचा हात पुन्हा डॅशबोर्डवर गेला. जिथे गाडी डोंगराला घासली होती ते वळण आलं. मी हलकेच दाबलं, गाडी सावकाश झाली, वळण मागे गेलं. मला वाटलं, अण्णांचा शब्दच खरा. माणसाच्या मनात भीती बसते आणि विश्वासही बसतो, पण विश्वासाला वळणावळणाने वेळ द्यावा लागतो.

फोन वाजला. मी चालवत होतो, म्हणून नलिनीने घेतला. अण्णांचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"वैनी, कुटं हाय? ब्रेक बसलं का नीट?"

तिने डॅशबोर्डवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"ब्रेकचं यांना विचारा, अण्णा," ती म्हणाली. "मी बसले आहे."