बाकाकडे बघणारा कप्तान

"तुम्ही किंवा तो," मालक म्हणाले. "रविवारी जिंकलो नाही तर आपण खालच्या गटात जाणार. मग दोघांपैकी एकालाच ठेवीन. कोण जाणार ते तुम्हीच येऊन सांगायचं. घरच्या भांडणात मी पडणार नाही."

मालक तसे वाईट नव्हते, पण आपला निर्णय दुसऱ्याच्या गळ्यात मारण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. समोर बसलेल्या प्रशिक्षकाने खुर्ची मागे सारली आणि बाहेर येऊन जिन्याचा कठडा घट्ट धरून उभा राहिला. 'तो' म्हणजे हॉकी संघाचा कप्तान, आणि कप्तान म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा मुलगा.

सगळा संघ प्रशिक्षकाला पाठीमागे मामा म्हणायचा. सख्खा भाचा मात्र मैदानावर सर म्हणायचा, कारण तसा मामाचाच हुकूम होता. वशिल्याची कुजबुज व्हायला नको म्हणून मामा त्याच्याशी इतरांपेक्षा दुप्पट कडक वागायचा. खरं तर भाचा आधीपासूनच कप्तान होता आणि मामा मागून आला होता, तोही आधीचा प्रशिक्षक मोसमाच्या मध्यात सोडून गेला म्हणून. पण हे सांगून कुणाला पटणार?

तरुणपणी मामा गोलरक्षक होता. गोलरक्षकाला सगळं मैदान समोर दिसतं आणि जागा सोडता येत नाही, म्हणून तो ओरडतो. मामाने उभं आयुष्य ओरडण्यात घालवलं. आधी स्वतःच्या बचावफळीवर, मग शाळेतल्या पोरांवर, मग एका कारखान्याच्या संघावर. "अहो, मीठ इथेच तुमच्या हाताशी आहे," बायको म्हणायची, "पलीकडच्या गोलपर्यंत हाक जायला नको." पन्नाशी उलटल्यावर हातात पहिल्यांदा व्यावसायिक संघ आला होता. दुसरा मिळणार नाही हे त्याला पक्कं माहीत होतं.

भांडणाचं मूळ होतं गेल्या सामन्यात. पंचांचा निर्णय पटला नाही तर कप्तान हाताने खूण करून तो व्हिडिओवर तपासून मागू शकतो. मागणी चुकीची ठरली की त्या सामन्यापुरता हक्क संपला. आणि मागायचं ते लगेच, विचार करायला फुरसत नसते. म्हणून भाच्याने संघात एक रीत घालून दिली होती: चेंडूच्या सगळ्यात जवळ असलेल्याने शब्द दिला की कप्तान एकही प्रश्न न विचारता खूण करणार. या रीतीवर पोरांचा भारी जीव होता. पण अखंड बडबडीमुळे ज्याला पोपट म्हणत त्या फॉरवर्डने छातीवर हात ठेवून सांगितलं की चेंडू समोरच्याच्या पायाला लागला, म्हणजे फाऊल. लागला नव्हता. पुढे धडधडीत चुकीचा गोल अंगावर बसला तेव्हा मागायला काही उरलं नव्हतं.

सामन्यानंतर कपडे बदलायच्या खोलीत मामाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आजपासून कुणाच्या शब्दावर काही मागायचं नाही," तो गरजला. "आधी बाकाकडे बघायचं. मी टोपी काढली तर मागायचं. टोपी डोक्यावर असली तर मुकाट्याने खेळायचं."

बाकावरून असं सांगायला नियमाने बंदी आहे. पण खुणा न करणारा प्रशिक्षक अजून जन्माला यायचाय.

"सर, तेवढ्यात वेळ निघून जाईल," भाचा म्हणाला.

"मान वळवायला असा किती वेळ लागतो?"

"आणि तुम्हाला एवढ्या लांबून दिसणार कसं? मी तिथे असतो. पोरं तिथे असतात."

"पोरांनी काय पाहिलं ते आज समजलं. कप्तान आहेस ना? मग आधी ऐकायला शीक!"

कुणी वर बघेना. पोपटसुद्धा पायमोज्याची घडी घालत बसला. भाच्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. लहानपणी रडू आवरताना व्हायच्या तशाच, हे मामाला दिसलं आणि त्याने तोंड फिरवलं.

आठवडाभर सरावात भाचा बाकाकडे बघेना. जुन्याच रीतीने खूण करायचा आणि मामा शिट्टी वाजवून खेळ थांबवायचा. पुन्हा खूण, पुन्हा शिट्टी. पोरांचे दोन तट पडले. शेवटी मालकांनी बोलावून ती धमकी दिली, आणि त्याच संध्याकाळी ताईने मामाला जिन्यात गाठलं. ती वरच्याच मजल्यावर राहायची.

"पोरगा जेवत नाहीये," ती म्हणाली. "तू त्याचा मामा आहेस की साहेब, एकदाचं ठरव."

"ताई, संघात दोन डोकी चालत नाहीत."

"मग तुझं काढून ठेव ना थोडा वेळ!"

मामाला हसू आलं नाही. मालक काय म्हणाले ते त्याच्या ओठांवर आलं होतं, पण त्याने ते गिळलं. त्याऐवजी वर जाऊन भाच्याच्या खोलीच्या दारातूनच तो म्हणाला, "एवढा एक सामना माझं ऐक. एवढाच."

भाच्याने स्टिकची पकड गुंडाळून संपवली. मग म्हणाला, "ठीक आहे, सर." घरात सर! मामाला ते लागलं. पण ऐकतो म्हणाला, यातच त्याने समाधान मानलं.

रविवारी भाच्याने शब्द पाळला. पहिल्या सत्रात दोनदा पोरं ओरडली, दोनदा त्याने बाकाकडे बघितलं, दोनदा टोपी डोक्यावरच राहिली आणि मैदानातल्या मोठ्या पडद्यावर दोन्ही वेळा मामा बरोबर निघाला. त्याची छाती फुगली. मध्यंतरात तर तो चक्क कमी ओरडला. पण बरोबरी काही सुटेना. बरोबरी म्हणजे खालचा गट, आणि खालचा गट म्हणजे मालकांचा प्रश्न. जसजसा वेळ सरत गेला तसा मामा बाकासमोर येरझाऱ्या घालायला लागला. प्रश्नाचं उत्तरही मनात हळूच तयार व्हायला लागलं होतं. भाचा तरुण आहे, त्याला दुसरा संघ मिळेल. असं मनात आलं की मामा स्वतःवरच चिडायचा आणि ती चीड बाकावरच्या पोरांवर काढायचा.

अगदी शेवटी सगळा संघ पुढे चढला. मामाने पोपटच्या जागी ताज्या दमाचा खेळाडू पाठवायला काढला, पण पोपट बाहेर यायच्या आधीच तो रेषा ओलांडून आत शिरला. टेबलावरच्या अधिकाऱ्याने त्याला अडवलं आणि मामा पाठ फिरवून त्या अधिकाऱ्याशी हुज्जत घालायला लागला. नेमका तेव्हाच समोरच्या गोलजवळ, डीच्या अर्धवर्तुळात, चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या बचावपटूच्या बुटावर आपटला. पंचांना दिसलं नाही. भाचा हातभर अंतरावर होता.

त्याने बाकाकडे बघितलं. मामाची पाठ दिसली, आणि डोक्यावर टोपी.

खेळ पुढे गेला. थोड्या वेळाने शेवटचा भोंगा वाजला, आणि मोठ्या पडद्यावर तोच क्षण संथ गतीने दाखवला गेला. चेंडू, बूट, आणि बाजूला मान वळवून उभा असलेला कप्तान. प्रेक्षकांतून एक लांब आवाज उठला. पेनल्टी कॉर्नर मिळाला असता. गोल झाला असताच असं नाही, पण मिळाला असता.

मामा मालकांच्या खोलीत पोहोचला तेव्हा भाचा तिथून बाहेर पडत होता. तो बाजूने निघून गेला.

"तुमचं काम सोपं झालं," मालक म्हणाले. "दोघांतला एकच राहणार हे त्याच्याही कानावर गेलं होतं. त्याने कबूल केलं. चेंडू पायाला लागलेला आपल्याला दिसलाच नाही म्हणाला. सगळी चूक आपली, म्हणून तोच जातोय."

 मामाने फक्त 'बरं' म्हणायचं होतं. तेवढ्यात नोकरी वाचत होती, तीही त्याच्या तोंडाला काळं न लागता.

"खोटं बोलतोय तो," मामा म्हणाला. "त्याला स्वच्छ दिसलं होतं. माझ्याकडे बघत राहिला, कारण तसा माझा हुकूम होता. आणि मी बघत नव्हतो. जाणारा मी."

भाचा गाड्या लावायच्या आवारात उभा होता. मामाने सांगितलं तेव्हा त्याने पिशवी जमिनीवर आपटली.

"पुन्हा तेच! अरे मामा, मी ठरवलं होतं. विचार करून ठरवलं होतं. आयुष्यात एकदा तरी माझं ठरलेलं राहू दिलं असतंस!"

मामाने तोंड उघडलं. सांगायला कितीतरी होतं, आणि सगळं खरं होतं. त्याने तोंड पुन्हा मिटलं.

"मग आता काय करायचं?" त्याने विचारलं.

भाच्याने त्याच्याकडे चमकून बघितलं. मग पिशवी उचलली.

"आता घरी जायचं. आईला मी सांगणार. तू मधे बोलायचं नाहीस."

"बरं," मामा म्हणाला, आणि त्याच्या मागून चालू लागला.