वहिनीला दाखवलेली रेघ

हे मी आजवर कुणाजवळच बोललेलो नाही. बायकोजवळ नाही. दादाजवळ तर नाहीच — आणि दादा रोज संध्याकाळी माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसतो. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. आणि वहिनीच्या हातची भाकरी तुम्ही कधी खाल्लेली नाही, म्हणूनही असेल.

डोंगरकडा या आमच्या गावात माझं औषधांचं दुकान आहे. लोक मला डॉक्टर म्हणत नाहीत, पण डॉक्टरच्या आधी माझ्याकडे येतात. ताप आला, जुलाब लागले, अंगाला खाज सुटली — ‘बापूला इचारा.’ मला ते आवडायचं. आवडायचं कसलं — चटक लागली होती.

वहिनी कोण, ते आधी सांगायला हवं. मी रांगत होतो तेव्हा आई गेली. दादा माझ्याहून खूप मोठा. त्याचं लग्न घाईनं उरकलं ते माझ्यासाठीच, असं सगळे म्हणायचे. म्हणजे वहिनी या घरात आली आणि अंगावरची हळद उतरायच्या आत एका परक्या लेकराचे लंगोट धुवायला बसली. तिला स्वतःला मूल झालं नाही. बाकीच्या बायका दिराला भाऊजी म्हणतात. तिनं मला कायम बापूच म्हटलं.

ती एकदा दुपारी दुकानात आली. ती कधी दुकानात यायची नाही. गिऱ्हाईक जाईपर्यंत दारात उभी राहिली, मग पदर तोंडाशी धरून म्हणाली, “बापू, परसाकडंला गेलं की रगत दिसून राहिलंय.”

“कवापासून?”

“झाले लय दिस. दादाला नको सांगू. उगं बोंबलत बसंल.”

मी काय करायला हवं होतं, हे मला माहीत होतं. नंतर कळलं, असं नाही. तेव्हाच माहीत होतं. आतड्याचा कॅन्सर घरच्या घरी तपासायच्या डब्या मी नुकत्याच ठेवायला लागलो होतो — आत एक बाटली, एक काडी आणि रेघ दाखवणारी पट्टी. त्या आणणारा माणूस माझ्या काउंटरला टेकून बजावून गेला होता — “बापूराव, ज्याला काहीच तकलीफ नाही, त्याच्यासाठी हे. डोळ्याला न दिसणारं रक्त हे शोधतं. ज्याला रक्त दिसतंच आहे, त्याला ही डबी देऊ नका, बराबर डॉक्टरकडं धाडा. गाठ रोज रक्त सोडत नसते. एखाद्या दिवशी पट्टी चांगली येईल आणि माणूस घरी बसेल.”

मी मान हलवली होती. आणि तरी वहिनीला डबी दिली. का? एक तर, दिरानं भावजयीला ‘चल, नांदेडला तुला डॉक्टरपुढं आडवं पडायचंय’ असं म्हणायचं कसं? आणि दुसरं — मला स्वतःलाच निकाल द्यायचा होता. बापूला इचारा.

बाटलीतल्या काडीनं शौचाचा नमुना कसा घ्यायचा, ते मी सांगितलं. वहिनी हसायला लागली. “एवढुसा व्हतास तवा तुझं काय काय धुतलं म्या. आता तू माझं बघ. फिटाफिट!”

त्या वेळी मी तपासणी केली. खरोखर केली. पट्टीवर थेंब टाकले, वाट पाहिली. एकच रेघ आली. एक रेघ म्हणजे पट्टी चालू आहे. दुसरी आली तर रक्त. मी तिला म्हणालो, “काही न्हाई वैनी. मूळव्याध असंल.” मलम दिलं. ती गेली.

इथंच थांबलो असतो तर या गोष्टीला मूर्खपणा म्हणता आलं असतं.

पुढं हळद निघाली. आमच्याकडे हळद शिजवायचे दिवस कसे असतात, ते आमच्या भागातल्या माणसालाच ठाऊक. कुकर भाड्याचा, त्याची पाळी ठरलेली. आपल्या शेतात आला की शिजवून संपेपर्यंत मागे वळून पाहायचं नाही. चुकलं की तो दुसऱ्याच्या शेतात जातो आणि आपली हळद कुजत पडते. शिजवणाऱ्या माणसांचा स्वयंपाक रानातच. तो वहिनीकडे. आणि त्या दिवसांत सगळेच पिवळे होतात. हात पिवळे, नखं पिवळी, कपडे पिवळे, तोंडावर पिवळी धूळ. कुणाच्या अंगात रक्त आहे आणि कुणाच्या नाही, ते चेहऱ्यावरून कळत नाही. वहिनी भाकरी थापता थापता मधेच खाली बसायची. गडी थट्टा करायचे — “वैनीला हळद चढली, पुन्हा नवरी झाली!” तीही हसायची. मीही हसलो. मी औषधं विकणारा माणूस. तिची पापणी खाली ओढून पाहायला मला काय लागलं असतं? एक बोट.

तशातच तिनं मला चुलीमागं बोलावलं. जुन्या लुगड्याच्या धुडक्यात बांधलेली बाटली माझ्या हातात दिली. पहिल्या डबीनंतर तिनं माझ्या बायकोकडून आणखी एक मागून घेतली होती, मला न सांगता.

“आजूक एकदा बघ ना बापू. परत जाऊन राहिलंय. लय जातंय आता.”

मी ती बाटली घेऊन दुकानात आलो. शटर अर्धं ओढलं. धुडकं सोडलं.

आता हेही लिहितो. ती बाटली मी उघडलीच नाही.

तिचं काहीतरी बाटलीच्या गळ्याला लागलेलं होतं. मला शिसारी आली. ज्या बाईनं माझं सगळं उघड्या हातानं उचललं, तिच्या बाटलीचं झाकण मला फिरवता येईना. पण खरं सांगू का — शिसारी हे निमित्त होतं. हात धुतले असते की झालं. मला दुसऱ्या रेघेची भीती होती. दोन रेघा आल्या तर दादाला सांगावं लागणार, कुकर चालू असताना वहिनीला नांदेडला न्यावं लागणार, आणि ‘आधी काही नाही म्हणालास, तेव्हा काहून नेलं नाहीस?’ याला उत्तर द्यावं लागणार. मी ती बाटली धुडक्यासकट नाल्यात फेकली.

तेवढंही पुरलं नाही. वहिनी रेघ पाहायला मागणार, हे मला माहीत होतं. पहिल्या वेळी तिनं ती पट्टी हातात घेऊन उजेडाकडं धरून पाहिली होती. म्हणून मी कपाटातून नवी डबी काढली. त्यातली कोरी बाटली उघडली. त्यातलं नुसतं स्वच्छ पाणी पट्टीवर टाकलं. पट्टी चालू असल्याची रेघ त्यानंही येते. एकच. लाल, सरळ. त्या रेघेत वहिनीचं काहीच नव्हतं.

ती घेऊन मी रानात गेलो आणि तिला दाखवली.

तिनं पिठाचा हात पुसला. पट्टी घेतली. बराच वेळ पाहिली आणि मग कपाळाला लावली. “नागनाथानं आयकलं रे बाबा,” म्हणाली. आणि परत चुलीपुढं बसली.

मी तिथंच जेवलो. तिनं वाढलं.

पाऊस सुरू झाल्यावर ती मोरीत कोसळली. तेव्हा कुठं तिनं दादाला रक्ताचं आणि पट्ट्यांचं सांगितलं. मग नांदेड. आतून दुर्बीण घातली. गाठ जुनी होती, यकृतापर्यंत गेली होती. डॉक्टरांनी विचारलं, “रक्त दिसत होतं ना? मग आणलं काहून नाही?” मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, “आमच्या बापूचं दुकान हाय सायेब. त्यानं दोन-दोनदा तपासलं. त्या पट्टीनंच धोका दिला.” डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. दादाला वाटलं, मला रडू येतंय. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला.

वहिनी दिवाळीच्या आत गेली. जायच्या आधी एकदा मला म्हणाली, “तू मनाला लावून घिऊ नको. तू तर बघितलंस ना लेकरा.”

मी म्हणालो, “व्हय.”

पट्टी खोटी निघाली — हे वाक्य आमच्या घरातून निघालं आणि गावात पसरलं. मी ते अडवलं नाही. अडवलं नाही कसलं, त्याच्या आडोशाला राहिलो. परवा आरोग्य केंद्राच्या आशाताई आमच्या आळीत तसल्याच डब्या घेऊन आल्या. पन्नाशीच्या पुढच्यांनी, काही त्रास नसला तरी, तपासून घ्या म्हणत होत्या. दादा ओट्यावरूनच ओरडला, “त्या डब्या आमच्या दारात आणू नगा! माझी बायको खाल्ली त्यांनी. इचारा बापूला, दोनदा खोटी निघाली.” जमलेल्या बायका माझ्याकडे पाहायला लागल्या. आशाताईही. दादा म्हणाला, “सांग की रे. खरं का न्हाई?”

मी म्हणालो, “खरं हाय.”

हातात घेतलेल्या डब्या बायकांनी परत पिशवीत टाकल्या.

पहिली पट्टी खोटी बोलली नव्हती. तिला त्या दिवशी जेवढं मिळालं, तेवढं तिनं सांगितलं. जास्त विचारू नका, असं मला आधीच बजावलेलं होतं. दुसरीही खोटी बोलली नाही. तिच्यावर स्वच्छ पाणी पडलं, तिनं स्वच्छ पाणी सांगितलं.

काल शेजारची सरूबाई दुकानात आली. दारात उभी राहिली, गिऱ्हाईक जाईपर्यंत. मग पदर तोंडाशी धरून मूळव्याधीचं मलम मागितलं. मी विचारलं, रक्त जातं का? ती म्हणाली, जातं. मी म्हणालो, “मावशी, मलम राहू द्या. डॉक्टरकडं जा. आजच जा.”

“डागदराचं तरी काय खरं, बापू?” ती म्हणाली. “वैनीचं तू सोता दोनदा बघितलंस. काय झालं?”

त्याला एकच उत्तर होतं. ते माझ्या तोंडाशी आलं. बाहेर पायरीवर दादा बसलेला होता, पाठमोरा.

मी मलम पिशवीत घालून तिला दिलं.