विमान कंपनीवरचा दावा आणि परत केलेला नारळ

तिसाचं साल उलटल्यानंतरच्या एका माघात, रेवदंड्याच्या किनाऱ्यावरून उडताना मुंबईच्या एका विमान कंपनीचं विमान आमची वलांडी तोडून गेलं.

वलांडी म्हणजे वाळूत बांबू रोवून त्यांच्यामध्ये ताणलेल्या दोऱ्या. त्यावर आम्ही बोंबील वाळवतो. विमानाच्या चाकात वरची दोरी अडकली, बांबू आडवे झाले आणि बोंबलांची माळ शेपटासारखी लोंबवत विमान मुंबईला गेलं. (ते उतरलं तिथे कसा वास सुटला, याची माहिती मिळाली नाही.)

कंपनीने कळवलं, "वलांडी कच्ची होती. वाऱ्याने पडली."

वडिलांना बोंबील गेल्याचं फारसं काही नव्हतं. पण कोळीवाड्यातली निम्मी वलांडी त्यांच्या हातची होती. ते उत्तर ऐकून दोन घरांनी त्या वर्षी बांबू रोवायला दुसऱ्याला बोलावलं. वडिलांनी अंगात सदरा चढवला आणि अलिबागला जाऊन दावा ठोकला.

तारीख लागण्याआधी ते विमान चालवणारा पारशी तरुण स्वतः घरी आला. हातात शेंडीचा नारळ.

"काका, चाक माझंच अडकलं," तो म्हणाला. "मनात काय ठेवू नका."

पारशी माणूस चांगल्या कामाला नारळ घेऊन जातो. आमच्या जमातीत नारळाचा अर्थ ठरलेला आहे. चुकणाऱ्याने नारळ आणायचा, दुसऱ्याने तो फोडायचा, दोघांनी खोबरं खायचं. भांडण मिटलं. वडिलांनी नारळ फोडला, त्याला खोबरं दिलं, स्वतः खाल्लं आणि दुसऱ्याच दिवशी दावा मागे घेतला.

वकील म्हणाले, "पुन्हा दाखल करायची परवानगी तरी मागून ठेवा."

"खोबरा खाल्ल्यावर परत कशाला भांडू, वकीलसाहेब? मी काय येडा हाय?"

महिन्याभरात कंपनीचं पत्र आलं. दावा मागे घेतला, त्या अर्थी वलांडी कच्ची होती हे वादीला मान्य आहे.

मी तेव्हा मुंबईत एका दैनिकाचा बातमीदार होतो आणि सुटीवर घरी आलो होतो. पत्र मीच वाचून दाखवलं. वडिलांनी ते परत वाचायला लावलं, मग आयला ऐकवायला लावलं, मग शेजारच्यांना. चौथ्या वाचनाला माझा आवाज बसला, त्यांचा चढला.

वकिलांनी हात वर केले. "परवानगीशिवाय मागे घेतलेला दावा पुन्हा उभा राहत नाही. फार तर एक करता येईल. तडजोड झाली होती आणि ती मोडली, असं दाखवून अर्ज देऊ. पण मोडली हे दाखवणार कसं?"

"नारळ परत करून," वडील म्हणाले.

तीही आमची रीत. सबंध नारळ, शेंडीसकट, त्याच्या दारात नेऊन द्यायचा. भांडण पुन्हा जिवंत.

"शिकलेला हाय, तू जा," वडील म्हणाले. "नारळ द्यायचा आन् निघायचा. बसायचा न्हाय."

मी आगबोटीने निघालो. समुद्र खवळलेला होता. सकाळी आयने बांधून दिलेली भाकरी मी धरमतरच्या बाजूला कुठेतरी समुद्राला अर्पण केली. (माशांनी तक्रार केली नाही.) रिकाम्या पोटी कंपनीच्या कचेरीत शिरलो आणि साहेबाच्या टेबलावर नारळ ठेवला.

"रेवदंड्याहून. परत," मी म्हणालो.

साहेबही पारशी. त्याचा चेहरा उजळला. "वाह! आजच आमचं नवीन विमान आलं. शकुन घेऊन आलास, दीकरा."

मी तोंड उघडेपर्यंत पट्टेवाल्याने उंबऱ्यावर नारळ फोडलाही होता. सगळ्यांना तुकडे वाटले. एक माझ्या हातावर पडला.

अर्ज सुनावणीला आला तेव्हा कोर्टात आमचा अर्धा कोळीवाडा होता. नारळ परत केल्याचा साक्षीदार एकच, मी.

"नारळाचं पुढे काय झालं?" जज्जसाहेबांनी विचारलं.

"फोडला."

"खोबरं?"

"वाटलं, साहेब."

"तुम्हाला मिळालं?"

"मिळालं."

"त्याचं काय केलंत?"

बातमीदाराने घडलं तेच सांगावं, असं मला शिकवलेलं होतं.

"खाल्लं."

जज्जसाहेबांनी आमच्या जमातीच्या पाटलांना उभं केलं. "पाटील, तुमच्या रीतीप्रमाणे याचा अर्थ काय?"

पाटलांनी एकदा वडिलांकडे पाहिलं. "मिटला, साहेब," ते म्हणाले. "दोनदा मिटला."

अर्ज फेटाळला गेला.

बाहेर आल्यावर वडिलांनी एकच विचारलं, "भूक लागली व्हती?"

"व्हय."

"बोंबील मागायचास. त्यांच्याकडं आपलेच व्हते."

अलिबागहून आम्ही रेवदंड्याला परतलो.

किनाऱ्यावर गर्दी होती. तो तरुण वैमानिक साक्षीसाठी विमानानेच आला होता, पण कोर्टापर्यंत पोहोचलाच नव्हता. दुपारपासून वारा सुटला, विमान वाळूवर सरकायला लागलं, तेव्हा आयने त्याला दोरखंड दिला होता. बांधायला जवळ एकच गोष्ट उभी होती. विमान आमच्या नव्या वलांडीला बांधलेलं होतं, पंख फडफडवत होतं, आणि वैमानिक दोन्ही हातांनी त्याचं शेपूट धरून उभा होता.

वडिलांनी एकेका बांबूला हात लावून पाहिलं. मग जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "वारा कसा हाय, शेठ?"

"फार आहे, काका."

"वलांडी?"

वैमानिकाने वर पाहिलं, खाली पाहिलं. "पक्की आहे."

"मोठ्यानं बोल. पाटलांना कमी ऐकू येतं."

"पक्की आहे!"

बांबू रोवायला दुसऱ्याला बोलावणारे दोघेही गर्दीत होते. त्यांनी ते ऐकलं.

वारा संध्याकाळी पडला. एकही बांबू कललेला नव्हता. निघताना वैमानिकाने बैठकीखालून एक नारळ काढून पुढे केला. सर्वांत जवळ मी उभा होतो. वडिलांनी मला बाजूला केलं, नारळ घेतला आणि फोडायला आयच्या हाती दिला.